पट्टीची का फुल?

१

मला हे सांगायचं न्हवतं. पोलिसांना सांगून झालं, उमरग्याच्या डॉक्टरला सांगून झालं. दोघांनीबी माझ्याकडं बघायच्या ऐवजी माझ्या पोराकडं बघितलं. आता नातीची भुणभुण. निकिता पुण्याहून फोन करती, "आबा, लिहून काढा, मन हलकं होतं." मन म्हंजे काय ज्वारीचं पोतं हाय का, उतरवलं की हलकं व्हायला? माझी शाळा चौथीपत्तोर. शुद्धलेखन बघणाऱ्यानं पुढं वाचू नये.

लोहाऱ्यात स्टँडासमोर माझं व्हिडिओचं दुकान होतं. आधी व्हीसीआर भाड्यानं द्यायचो, मग सीडी, मग डीव्हीडी. दारात गिऱ्हाईक आलं की माझा पहिला सवाल ठरलेला, "पट्टीची का फुल?"

एकच पिच्चर दोन जातीत यायचा. पट्टीची म्हंजे टीव्हीवर वर अन् खाली काळी पट्टी, मधी चित्र लांबट. फुल म्हंजे टीव्ही काठोकाठ भरलेला. लोक फुलच मागायचे. आमचे हिंमतराव, मोठे बागाईतदार, चुकून पट्टीची घेऊन गेले अन् सकाळी दुकानात येऊन उभे राहिले.

"बलभीम, अर्धा टीव्ही काळा, अन् भाडं मात्र पुरं?"

"मालक, ती पट्टीची हाय."

"ते दिसतंय. पट्टीमागं काय झाकलंय ते सांग."

अख्ख्या तालुक्याची हीच समजूत. पट्टीमागं कायतरी हाय. कुणी म्हणायचं सरकारनं झाकलंय, कुणी म्हणायचं चावट हाय. एकानं तर टीव्हीपुढं पालथं झोपून वरच्या पट्टीच्या खालून बघायचा खेळ केला होता.

मलाबी आधी तसंच वाटायचं. मग एकदा एकच पिच्चर दोन्ही जातीत बघितला. फुलमधी हिरोईन एका नाकाशी बोलत होती. कडेला नाक तेवढं, माणूसच न्हाय! पट्टीचीत बघतो तर तिचा बाप अख्खा उभा, धोतर-टोपीसकट. तवा डोक्यात उजेड पडला. पट्टी काहीच झाकत न्हाय. तिच्यामागं काहीच न्हाय. टीव्ही भरायचा म्हणून फुलवालेच दोन्ही कडंची माणसं कापत्यात.

२

हर्षाली माझी लेक. बारावीला होती तवा आमच्या गावाबाहेरच्या बारवेवर शूटिंग आलं. जत्रेचा सीन होता. गावातल्या लोकांना धुतलेली कापडं घालून पायऱ्यांच्या कडंनी उभं केलं. हिरो पायऱ्या उतरून पाण्याकडं जातो, मागं गाणं वाजतं, एवढंच.

हर्षाली अगदी उजव्या टोकाला, हळदी रंगाचा ड्रेस घालून, कमरेवर हात ठेवून. तिच्या पलीकडं सारजाबाई, माझी बायको. क्यामेरा फिरला तशी सारजाबाई पदर दातात धरून मागं सरली. हर्षाली तिच्याकडं वळून म्हणली, "बाई, ये की पुढं."

आमच्यात पोरं आईला बाई म्हणत्यात. आमच्या दोन्ही लेकरांनी जन्मात कधी आई म्हणलं न्हाय.

सारजाबाई गेली न्हाय पुढं. लाजली. पुढच्या उन्हाळ्यात हर्षालीला ताप आला, तो मेंदूत गेला, अन् पोरगी गेली. पिच्चर त्याच्याबी नंतर आला.

उमरग्याच्या टाकीजात आमी दोघांनी तो बघितला. हर्षाली दिसली अन् सारजाबाईनं माझा हात असा धरला की नखं रुतली. घरात तिचे फोटो होते, पर हलणारी, वळणारी, हसणारी हर्षाली तेवढ्या एकाच जागी. चहाचा एक घोट घेईस्तोवर संपणारी.

पुढं डीव्हीडी आली, दोन्ही जातीत. फुलमधी बघितलं तर उजव्या कडेला हळदी बाही अन् एक कोपर. बाकी पोरगी कापलेली. म्या पट्टीची प्रत घरात ठेवली, ती कधी भाड्यानं दिली न्हाय. दुकान मोडलं, सगळा माल भंगारात घातला, ती एक ठेवली.

जेवणं झाली की सारजाबाई रोज ती लावायची. गाण्याच्या आवाजात हर्षालीचं बोलणं ऐकू येत न्हाय, ओठ तेवढे दिसत्यात. 'बा' म्हणताना ओठ मिटायचे, मग उघडायचे. सारजाबाई त्या ओठांसंगं पुटपुटायची, "बाई, ये की पुढं." अन् लगेच स्वतःच, "नगं गं, लोक बघत्यात."

मी पलीकडं वाकळंवर पडलेला असायचो. इतकी वर्षं रोज तेच. मला त्याच्यावर झोप लागायची.

३

औंदा आमच्या युवराजनं पुण्याहून पैसे धाडले अन् भिंतीवरचा मोठा टीव्ही घ्यायला लावला. बसवायला आला कुलदीप. कुलदीप म्हंजे माझ्या सख्ख्या बहिणीचा पोरगा. चाळिशीचा, पोट सुटलेला, स्टँडाजवळ मोबाईलचं दुकान. सगळं मलाच कळतं अशा थाटाचा.

"मामा, ही डिस्कबिस्क आता कोण लावतं? आणा इकडं. पेन ड्राईव्हात घालून देतो."

घेऊन गेला. आला तो हसत आला.

"मामी, बसा अशा. पट्ट्याबिट्ट्या सगळ्या काढून टाकल्या बघा. एकदम फुल!"

गाणं लागलं, हिरो उतरला, अन् उजव्या कडेला कोपर. हळदी बाही अन् कोपर.

सारजाबाई म्हणली, "पोरगी कुठंय?"

"तिथंच आसंल की, मामी."

म्या म्हणलं, "तू कापलीस तिला."

"मामा, म्या कशाला कापू? उलट मोठं केलं. आधी निम्मं तर काळंच होतं."

"डिस्क दे माघारी."

कुलदीप मान खाजवाय लागला. "तिच्यावर लई चरे होते हो. टाकली."

"कुठं?"

"कचऱ्याची गाडी आली होती. मामा, असं काय बघताय? एका कोपरासाठी एवढं?"

"कोपरासाठी न्हाय रे. बाकीच्यासाठी."

तो हसला. मी खरंच सांगतो, तो हसला.

म्या उमरगा पालथा घातला. तुळजापुरात देवळाच्या रस्त्याला भक्तिगीतांच्या सीड्या विकणारे सगळे विचारले. जीपनं सोलापूरला गेलो. "आजोबा, डीव्हीडी आता कोण ठेवतं?" सगळीकडं हेच. फुलची एक मिळाली. पट्टीची न्हाय.

सारजाबाई रडली न्हाय. रोज जेवण झालं की बसायची अन् कोपर बघायची. "तेवढं तरी हाय," म्हणायची.

४

आमच्या घरात दोनच खोल्या. रस्त्यावरून आलं की स्वयंपाकघर, त्याच्या आत टीव्हीची खोली. आतल्या खोलीला खिडकी एक, गज बसवलेली. बाहेर पडायचं तर स्वयंपाकघरातूनच. हे पोलिसांना म्या चारदा सांगितलं.

एके दिवशी जेवून मी आडवा झालो होतो. सारजाबाई म्हणली, "ऐकलं का, आज मनगट दिसलं."

"काय?"

"तिचं मनगट. काळा दोरा बांधलेलं."

म्या म्हणलं, तुझा चष्मा बदलाय पायजे. तरी उठलो. तिनं गाणं माघारी नेऊन परत लावलं. कोपर होतंच. कोपराच्या पुढं हात होता. मनगटाला काळा दोरा.

रिमोटचं कायतरी बटण दाबलं गेलं असंल, म्या मनात म्हणलं. टीव्ही चित्र सरकवत्यात, मला ठाऊक हाय. मी या धंद्यात केस पांढरे केले.

पुढच्या दिवशी खांदा दिसला.

म्या पेन ड्राईव्ह उपसला अन् तडक कुलदीपच्या दुकानात. "तू यात कायतरी केलंस. लाव."

त्यानं लावला. कोपर. एवढंच कोपर.

"मामा, फाईल काय काकडी हाय का वाढायला? कापलेलं गेलं ते गेलं. ते यात न्हाईच."

"घरी खांदा दिसतो."

कुलदीपनं माझ्या खांद्यावर हात ठेवला अन् आवाज बारीक केला. "मामा, मामीला जरा डॉक्टरकडं दाखवा." मग थांबून, "तुमी बी दाखवा."

घरी आलो, एकट्यानं लावलं. कोपर. सारजाबाई भांडी घासून पदराला हात पुसत आत आली अन् बसली. परत लावलं.

खांदा. खांद्यावर वेणीचं टोक.

५

मग माझ्या ध्यानात आलं की ती बसती कुठं.

आधी ती टीव्हीच्या समोर बसायची. मग खुर्ची जरा डावीकडं गेली. मग आणखी. अन् आता प्लास्टिकची खुर्ची डावीकडच्या भिंतीला टेकलेली, टीव्हीच्या अगदी शेजारी, अन् ही बाई गाल भिंतीला लावून तिरकी बघत बसलेली.

"सारजा, हे काय चाललंय?"

"हितनं नीट दिसती."

"टीव्ही काय खिडकी हाय व्हय?"

खिडकीतून उजवीकडचं बघायचं असंल तर माणूस डावीकडं सरकतं, चौकटीला गाल लावतं, अन् कडंचं दिसाय लागतं. ते खिडकीचं झालं. खिडकीपल्याड अंगण असतं. टीव्हीपल्याड भिंत हाय, अन् भिंतीपल्याड शेजारच्या शंभुलिंगचा गोठा. म्या जाऊन बघितलंबी. गोठ्यात म्हैस उभी होती. भिंतीला शेणाच्या गोवऱ्या.

"तुमी बसा एकदा," सारजाबाई म्हणली. तिच्या गालावर भिंतीचा चुना लागला होता. तोंडावर असं काही सुख, की पोरगी गेल्यापासून म्या ते बघितलं न्हवतं. "तोंड दिसतं आता. सगळं दिसतं."

मी बसलो न्हाय. तिच्यावर खेकसलो अन् बाहेर पारावर जाऊन बसलो. पारावर ऊन होतं, माणसं होती, तरी अंगावर काटा होता. आतून गाणं ऐकू येत होतं. ते संपायचं, माघारी जायचं, परत लागायचं.

६

बसलो. शेवटी बसलोच. ती पाणी भरायला गेली होती तवा.

खुर्चीत बसून भिंतीला गाल लावला. भिंत ओली लागली. उन्हाळ्यात, कोरड्या भिंतीला, बारवेच्या तळाशी असती तसली ओल. तसलाच वास.

गाणं लागलं. कोपर दिसलं. हात, खांदा, वेणी. मी आणखी जरा सरकलो, अन् कडेच्या आत, जिथं कुलदीपनं कापलं होतं तिथं, पोरगी उभी होती.

हळदी ड्रेस. काळा दोरा. तोंड पलीकडं वळलेलं, आई उभी होती तिकडं. ओठ हलले.

ओठ मिटले न्हाईत.

म्या माघारी नेलं. परत बघितलं. इतकी वर्षं ते ओठ म्या बघितलेत, झोपेतबी सांगंन. 'बाई' म्हणताना ओठ मिटत्यात. तुमी म्हणून बघा, मिटल्याबिगर म्हणता येत न्हाय. हिनं तोंड नुसतं उघडलं. उघडंच ठेवलं. ही 'आई' म्हणत होती.

अन् आधी असं होतं, की बोलून झालं की हर्षाली माघारी वळायची, हसायची, अन् सीन बदलायचा. ही वळली न्हाय. हिरो खाली गेला, गाणं पुढं गेलं, टीव्हीवर दुसरंच घर लागलं, दुसरी माणसं आली. कडेच्या आत मात्र बारवच होती, अन् ती तशीच उभी. वाट बघत. मग तिची मान हळूहळू माझ्याकडं फिराय लागली.

तोंड दिसायच्या आत म्या उठलो. खुर्ची पडली. मेन स्विच बंद केला, पेन ड्राईव्ह उपटला अन् तांदळाच्या डब्यात पार तळाला खुपसला.

सारजाबाई घागर घेऊन आली. म्या तिला सांगितलं, "ती हर्षाली न्हाय."

"असं कसं बोलता?"

"हर्षाली तुला बाई म्हणायची. ही आई म्हणती."

सारजाबाईनं घागर खाली ठेवली न्हाय. घागरीतलं पाणी तिच्या पायावर सांडत होतं. मग म्हणली, "एवढी वर्षं झाली. शेरातल्या पोरींवानी म्हणाया लागली असंल. म्हणू द्या की. मला बोलवती तर हाय."

७

युवराजला फोन केला, ये अन् बाईला घेऊन जा म्हणलं. तो म्हणला, रविवारी येतो. तवर म्या तिला एकटं सोडायचं न्हाय ठरवलं. बाजारात न्हाय, पारावर न्हाय. ती आतल्या खोलीत तर मी स्वयंपाकघरात, उंबऱ्यावर.

त्या दिवशी दुपारी ती आत वाकळ शिवत होती. मी चहा टाकला. दूध वर येत होतं म्हणून पाठ फिरवली.

आत गाणं लागलं.

तांदळाचा डबा फळीवर होता. म्या झाकण काढलं, कोपरापत्तोर हात घातला. तळाला काही न्हवतं.

"सारजा, बंद कर ते!"

गाणं बंद झालं. मला वाटलं तिनं ऐकलं. पर ते बंद झालं तसं दुसरं ऐकू आलं. जत्रेतली माणसं बोलत्यात तसा गलका, लांबून. पाण्याचा आवाज. अन् एका पोरीचा आवाज, स्वच्छ, जवळ,

"आई, ये की."

गाण्यामुळं जो आवाज आमी कधी ऐकला न्हवता, तो ऐकू आला. आवाज हर्षालीचा होता का? मला सांगता यायचं न्हाय. आवाज विसरतो माणूस. तोंड लक्षात राहतं, आवाज जातो. ज्यानं कुणी हाक मारली त्याला हे ठाऊक असणार.

"आले गं," सारजाबाई म्हणली. बांगड्या वाजल्या. खुर्ची फरशीवर कर्रकन सरकली.

दूध उतू गेलं. मी उंबरा ओलांडून आत.

खुर्ची भिंतीला टेकलेली. खुर्चीवर चष्मा, घडी घालून. वाकळ खाली, सुई अर्ध्या टाक्यात. खिडकीचे गज जागच्या जागी. तिच्या चपला स्वयंपाकघराच्या दारात, माझ्या चपलांशेजारी.

भिंतीला, गाल लावायच्या जागी, ओला डाग.

लोकांनी गाव शोधलं. बारवेत गळ टाकले, पाणी उपसलं. पोलीस आले, त्यांनी मला परत परत विचारलं की तुमचं भांडण झालं होतं का. युवराज रविवारी येणार होता तो त्याच रात्री आला अन् बापाशी दोन दिवस बोलला न्हाय. तिचा फोटो स्टँडावर लावलाय. अजून हाय.

८

सगळे गेल्यावर म्या टीव्ही लावला. समोर बसून, मधोमध. डावीकडं न्हाय.

हिरो उतरला. उजव्या कडेला कोपर होतं.

हळदी बाही न्हवती. हिरव्या लुगड्याचा काठ होता, अन् म्हातारं कोपर, त्याच्याखाली गोंदण. ते गोंदण मी लग्नापासून बघतोय. अन् त्या कोपरावर चार बोटं, कापलेल्या बाजूनं आलेली. घट्ट धरलेली. इतकी घट्ट की कातडीला वळ्या पडल्यात.

कुणाची बोटं? लेकीनं आईला प्रेमानं धरलं असंल तर मी गप मरायला मोकळा. पर बोटाच्या पुढं मनगट असणार, त्या मनगटाला काळा दोरा हाय का न्हाय, ते दिसत न्हाय. तिथं पिच्चर संपतो. बोटाच्या मुळाशी. सारजाचं तोंडबी दिसत न्हाय. ती हसती का ओरडती, मला कळायला मार्ग न्हाय.

पट्टीची प्रत असती तर दिसलं असतं. सगळं दिसलं असतं.

कुलदीपला बोलवून दाखवलं. त्यानं टीव्हीकडं नीट बघितलंच न्हाय. नजर सगळी माझ्यावर. "मामा, तेच कोपर हाय की पहिल्यापासूनचं." म्या म्हणलं, गोंदण बघ. तो उठला. दारात थांबून म्हणला, "मामा, सगळं माझ्यावर ढकलू नका. म्या चांगल्यासाठीच केलं." त्या दिवसापासून माझ्या घराची पायरी चढला न्हाय. रस्त्यात दिसला तर गाडी फिरवतो.

चार दिवसांखाली आणखी एक झालं. हे निकिताला फोनवर सांगितलं न्हाय, हितंच लिहितो. गाणं आपसूक बंद पडलं. गलका आला. पाणी वाजलं. अन् सारजाचा आवाज आला,

"अहो, या की."

सारजाबाईनं मला उभ्या जन्मात कधी अहो म्हणलं न्हाय. तिला लाज वाटायची. म्हणायची, अहो म्हणत्यात त्या टीव्हीच्या शिरेलीतल्या बायका. मला ती "ऐकलं का" म्हणायची.

म्हणून मला ठाऊक हाय, ती ती न्हाय. पक्कं ठाऊक हाय. पर आज सकाळी खोली झाडताना बघितलं तर खुर्ची मधोमध न्हवती. डावीकडं सरकलेली होती. म्या सरकवली न्हाय असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत न्हाय. अन् आता माझ्या डाव्या गालाला चुना लागलाय. धुतला तरी हाताला ओलच लागती.

रोज दुपारी हाक येती. मी उत्तर देत न्हाय. मनात एकच धरून बसलोय, की माझं एक काम हितं राहिलंय. माझ्या सख्ख्या बहिणीच्या पोरानं या खोलीत यावं, त्या कोपराकडं बघावं अन् म्हणावं, मामा, माझं चुकलं. तेवढं झाल्याबिगर मी या खुर्चीतून हलत न्हाय, कुणी अहो म्हणू दे न्हायतर आणखी काय म्हणू दे. तो दुकान उघडून आरामात बसलाय. त्याला काय ठाऊक, त्यानं माफी मागितली न्हाय म्हणून तर मी अजून हितं हाय. नाव लिहून ठेवतो, म्हंजे माझ्या मागं कुणी विचारलं तर घोळ नको. कुलदीप.